एकाच राज्याचे दोन क्रमांक आणि नकाशात न दिसणारे नवागाम

२०२१ या एकाच वर्षात भारताच्या हवामान-असुरक्षिततेचे दोन नकाशे प्रसिद्ध झाले. पहिला एप्रिल महिन्यात आला. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर मंडी आणि गुवाहाटी येथील आयआयटी तसेच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने तो तयार केला होता. त्यात झारखंड, मिझोराम, ओडिशा, छत्तीसगड, आसाम, बिहार, अरुणाचल प्रदेश आणि पश्चिम बंगाल ही आठ राज्ये सर्वाधिक असुरक्षित ठरली, तर महाराष्ट्र यादीच्या अगदी तळाशी, म्हणजे सर्वांत कमी असुरक्षित ठरला. गोवाही त्याच सुखद गटात होता. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या 'सीईईडब्ल्यू' या संशोधन संस्थेने जिल्हानिहाय दुसरा नकाशा मांडला. त्यात आसाम आणि आंध्र प्रदेश यांच्या पाठोपाठ महाराष्ट्राचे नाव होते. मात्र या वेळी क्रम असुरक्षिततेच्या माथ्यापासून लावलेला होता. सांगली जिल्हा तर देशातील अतिअसुरक्षित जिल्ह्यांमध्ये गणला गेला.

सहा महिन्यांत महाराष्ट्राचा पाऊस बदलला नव्हता, दारिद्र्यही बदलले नव्हते. बदलली होती ती मोजपट्टी. दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते आणि दोन्हींतील आकडेमोड तपासून पाहता येण्याजोगी होती. तरीही एकाचा निष्कर्ष वाचून शासनाने निश्चिंत व्हावे आणि दुसऱ्याचा वाचून खडबडून जागे व्हावे, अशी स्थिती निर्माण झाली. हे कोडे उलगडायचे तर राज्यांच्या यादीवरून नजर खाली, एखाद्या वस्तीपर्यंत आणावी लागते. त्यासाठी सुरत शहराच्या आग्नेय भागातील नवागामइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

नवागाम आणि त्याला लागून असलेले डिंडोली ही नावे सुरतेत बहुधा जोडीनेच घेतली जातात. रेल्वेने उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणारा फाटा ज्या भागातून निघतो, त्याच बाजूला ही वस्ती पसरली आहे. येथे गुजरातीइतकीच मराठी आणि त्याहून आपुलकीने अहिराणी कानी पडते. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून गेल्या काही दशकांत आलेली कुटुंबे यंत्रमागावर, कापड रंगवणाऱ्या गिरण्यांत, साड्यांच्या बाजारपेठेत ओझी वाहण्यात आणि घरोघरी साडीवर टिकल्या चिकटवण्याच्या कामात गुंतलेली असतात. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात त्या अशाच वस्त्यांमुळे.

या शहराचा वाढीचा वेगही ध्यानात घ्यायला हवा. महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१मध्ये सुमारे १५ लाख होती. २००१मध्ये ती २४ लाखांवर आणि २०११मध्ये ४४ लाखांच्या पुढे गेली. २००६मध्ये शहराची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून जवळजवळ तिपटीने वाढवून ३२६ चौरस किलोमीटर करण्यात आली. लोक आधी आले, नळ आणि गटारे नंतर आली, आणि आकडे तर त्याहूनही उशिरा आले.

येथे एका शब्दाचा खुलासा करून घेतलेला बरा. हवामानशास्त्रज्ञ ज्याला 'व्हल्नरेबिलिटी' म्हणतात, त्यासाठी मराठीत अजून एक शब्द रुळलेला नाही. वृत्तपत्रे 'असुरक्षितता' लिहितात, शासकीय कागदपत्रांत 'प्रवणता' येते, अभ्यासक 'भेद्यता' वापरतात. यांपैकी 'आपत्तिप्रवण' हा शब्द सर्वाधिक गोंधळ घालतो, कारण पूर येण्याची शक्यता आणि पूर आल्यावर माणूस कोलमडण्याची शक्यता या दोन निराळ्या गोष्टी तो एकाच पोत्यात भरतो. 'भेद्यता' हा शब्द थोडा जड असला, तरी त्यात नेमका अर्थ आहे. वादळ कोणत्या घरावर येणार हा प्रश्न वेगळा. ते कोणत्या घराला भेदून जाणार हा वेगळा.

२०२१चे दोन नकाशे याच भेदामुळे परस्परविरोधी दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय समितीने २००७च्या चौथ्या अहवालात भेद्यतेची व्याख्या तीन घटकांनी केली होती: संकटाशी येणारा संपर्क, ते सोसण्यातील नाजूकपणा आणि सावरण्याची क्षमता. २०१४च्या पाचव्या अहवालात ही मांडणी बदलली. संकट आणि संपर्क हे दोन्ही 'जोखीम' या व्यापक कल्पनेत गेले, आणि भेद्यतेत उरला तो केवळ समाजाचा आतला कमकुवतपणा. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा अभ्यास नव्या व्याख्येवर उभा आहे. चक्रीवादळे किती आली हे तो मोजतच नाही. सीईईडब्ल्यूचा अभ्यास मात्र पूर, दुष्काळ, चक्रीवादळे यांच्या नोंदींना केंद्रस्थानी ठेवतो. मराठवाड्याचा दुष्काळ आणि कृष्णेचा महापूर हिशेबात धरले की महाराष्ट्र वर चढतो. ते बाजूला ठेवून रस्ते, आरोग्यसेवक आणि दारिद्र्याचे प्रमाण पाहिले की तोच खाली उतरतो.

पहिल्या अभ्यासाबाबत आणखी एक गोष्ट बातम्यांत बहुधा सुटून गेली. राज्यांचे निर्देशांक ०.४२ ते ०.६७ एवढ्याच पट्ट्यात होते. सर्वांत वरचे राज्य आणि सर्वांत खालचे राज्य यांत अंतर आहे, परंतु शून्याच्या जवळपासही कोणी नाही. 'कमी भेद्य' याचा अर्थ इतरांच्या तुलनेत कमी, एवढाच. गोव्याच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. 'कमी भेद्य' गटात नाव आल्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलै २०२१मध्ये, सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत म्हादईच्या पुराने शेकडो घरांचे नुकसान केले, आणि १९८२नंतरचा हा सर्वांत भीषण पूर असल्याचे राज्यशासनानेच सांगितले.

निर्देशांक तयार कसा होतो, हे समजून घेण्यास गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. एका काल्पनिक शहरात अ, ब आणि क या तीन वस्त्या आहेत असे मानू. पत्र्याच्या छपराची घरे अ मध्ये शंभरात ७०, ब मध्ये ४० आणि क मध्ये १० आहेत. भाडेकरू कुटुंबे अनुक्रमे ३०, ८० आणि ४० आहेत. छपरे आणि भाडेकरू यांची थेट बेरीज करता येत नाही; म्हणून प्रत्येक निकषात सर्वांत चांगल्या वस्तीला शून्य, सर्वांत वाईट वस्तीला एक आणि मधल्यांना त्या प्रमाणात गुण देतात. छपरांत अ ला १, ब ला ०.५ आणि क ला ० मिळतात. भाडेकरूंत अ ला ०, ब ला १ आणि क ला ०.२. दोन्ही निकषांना समान वजन दिले तर सरासरी अ ची ०.५, ब ची ०.७५ आणि क ची ०.१ येते. ब सर्वाधिक भेद्य ठरते.

आता तज्ज्ञांच्या बैठकीत कोणी म्हणाले की, उष्णतेच्या दृष्टीने छप्पर अधिक महत्त्वाचे. त्याला ८० टक्के वजन द्या. तत्क्षणी अ चे गुण ०.८ होतात, ब चे ०.६ वर येतात, आणि पहिला क्रमांक अ कडे जातो. एकाही घराची कौले हलली नाहीत, एकाही भाडेकरूने खोली बदलली नाही. निधी मात्र दुसऱ्या वस्तीत जाईल. याहून सूक्ष्म बाब अशी की, तुलनेत ड नावाची चौथी वस्ती आली आणि तिची सगळीच घरे पत्र्याची निघाली, तर अ चे छपरांचे गुण १ वरून ०.६७ वर उतरतात. म्हणजे शेजारी अधिक गरीब निघाला म्हणून अ कागदावर सुधारते. प्रत्यक्ष अभ्यासांत दोन निकषांऐवजी दहा-पंधरा किंवा चाळीस असतात आणि हे सारे खेळ त्यांच्या गर्दीत दिसेनासे होतात. अमेरिकेत सुसान कटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये तीन हजारांहून अधिक परगण्यांचा सामाजिक भेद्यता निर्देशांक मांडला, तेव्हा ४२ निकषांतून सांख्यिकीय पद्धतीने ११ घटक वेगळे काढले होते. वजने ठरवण्याची जबाबदारी तेथे तज्ज्ञांऐवजी आकडेवारीच्या रचनेवर सोपवली गेली. तीही शेवटी माणसाचीच निवड होती.

निकष कोणते घ्यायचे, यात तर त्याहून मोठा निर्णय दडलेला असतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या राज्यस्तरीय अभ्यासातील १४ निकषांत दारिद्र्य, नैसर्गिक साधनांवरील उत्पन्नाचा वाटा, अल्प व अत्यल्प भूधारणा, जिरायती शेती, पीकविमा, वनक्षेत्र, रोजगार हमी, अन्नधान्याच्या उत्पादकतेतील चढउतार, कामकरी स्त्रियांचे प्रमाण, आरोग्यसेवकांची संख्या, रोगराई, रस्ते-लोहमार्ग अशा बाबी येतात. देशातील बहुसंख्य लोक शेतीवर जगतात, त्यामुळे ही निवड समजण्याजोगी आहे. परंतु नवागाममधल्या यंत्रमाग कामगाराची सावली या यादीत कोठे पडते? त्याच्याकडे जिरायत नाही आणि बागायतही नाही. पीकविम्याचा प्रश्नच येत नाही. रोजगार हमी ही ग्रामीण योजना. त्याचा दिवस पत्र्याखालच्या गोंगाटात बारा तास उभे राहण्यात जातो, खोली भाड्याची असते, आणि मे महिन्यात समुद्राकडून येणारी दमट हवा घाम वाळू देत नाही. सुरतेचे कमाल तापमान अहमदाबादहून बहुधा कमी असते, म्हणून तापमानाच्या नकाशात ते सौम्य रंगात दिसते. शरीराला जाणवणारा ताप हा तापमान आणि दमटपणा यांच्या संयोगातून येतो, हे तो रंग सांगत नाही.

उष्णतेची दखल उशिरा घेतली गेली, याचे उदाहरण गुजरातमध्येच आहे. मे २०१०च्या उष्ण लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले, हे नंतरच्या अभ्यासातून उघड झाले. त्यातूनच २०१३मध्ये त्या शहराने देशातील पहिला उष्णता कृती आराखडा केला. पुराची गोष्ट निराळी. पूर सर्वांना दिसतो.

सुरतेला तो ऑगस्ट २००६मध्ये दिसला. तापी खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाई धरणातून होणारा विसर्ग नऊ लाख क्युसेकपर्यंत गेला आणि शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. शंभराहून अधिक माणसे दगावली. रांदेर, अडाजण यांसारख्या नदीकाठच्या भागांत पाणी विशेष चढले. यांपैकी अडाजण ही काही गरिबांची वस्ती नव्हे. तेथील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी वरच्या मजल्यावर आसरा घेतला, वाहने गमावली, विम्याचे अर्ज भरले आणि काही महिन्यांत घरे पुन्हा रंगवली. त्याच पाण्याने नदीकाठच्या झोपड्यांतील माणसाचे भांडे, शिधापत्रिका आणि महिन्याचा रोजगार एकदमच नेला. पाण्याची पातळी दोघांकडे सारखी असेल. सावरायला लागलेला काळ सारखा नव्हता. भेद्यता मोजायची ती या काळाच्या फरकात.

२००८पासून रॉकफेलर फाउंडेशनच्या आशियाई शहरांविषयीच्या उपक्रमात इंदूर आणि गोरखपूरबरोबर सुरतेची निवड झाली. 'तरू' या सल्लागार संस्थेने महापालिकेसह केलेल्या कामात शहराला एकसंध न मानता झोपडपट्टीपासून उच्च उत्पन्न गटापर्यंतच्या कुटुंबांची पाहणी करण्यात आली. शिक्षण, उत्पन्नातील स्थैर्य, पाणी-गटाराची सोय, अडचणीत धावून येणारे नातेवाईक आणि शेजारी, असे प्रश्न त्यात होते. २०११मध्ये शहराचा हवामान-सक्षमता आराखडा तयार झाला. उकाईच्या वरच्या खोऱ्यातील पावसापासून शहरातील पाणीपातळीपर्यंत सलग अंदाज देणारी पूर-इशारा व्यवस्था उभी राहिली आणि त्यासाठी सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट स्थापन झाला. १९९४च्या प्लेगने हादरलेल्या शहराने आरोग्याच्या दैनंदिन नोंदी ठेवण्याची जी सवय लावून घेतली होती, तिचा येथे मोठा उपयोग झाला. भारतातील फार थोड्या शहरांना हे साधले आहे, हे मान्यच करावे लागेल.

मात्र इशारा व्यवस्था तापीसाठी आहे, आणि नवागामच्या बाजूच्या लोकांचा पावसाळी शत्रू बहुतांशी तापी नाही. शहराच्या पूर्व आणि दक्षिण भागांतून मिठी, भेदवाड, कांकरा, सीमाडा अशा अनेक खाड्या वाहतात. गोव्यात किंवा कोकणात खाडी म्हटले की भरतीचे खारे पाणी डोळ्यांपुढे येते. सुरतेची खाडी म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारा नैसर्गिक ओहोळ, ज्याच्या काठावर आज घरे आणि कारखाने दाटले आहेत. उकाईचे दरवाजे बंद असले तरी शहरात आणि वरच्या तालुक्यांत काही तास मुसळधार पडले की या खाड्या फुगतात. जून २०२५मध्ये पावसाळ्याच्या आरंभीच लिंबायत, परवत पाटिया परिसरात त्यांचे पाणी वस्त्यांत शिरले. धरणाच्या विसर्गाचा इशारा आदल्या दिवशी देता येतो. ओहोळाच्या पुराला काही तासही मिळत नाहीत. २००६च्या पुराच्या नकाशावरून वस्त्यांना गुण दिले, तर नदीपासून दूर असलेला हा भाग सुरक्षित ठरण्याचा धोका आहे.

या साऱ्याच्या वरच्या अंगाला आणखी एक नकाशा आहे, आणि तो महाराष्ट्राचा आहे. टेरी संस्थेने महाराष्ट्र शासनासाठी २०१४मध्ये पूर्ण केलेल्या अभ्यासात राज्यातील सर्वाधिक भेद्य जिल्हा नंदुरबार ठरला आणि सर्वांत कमी भेद्य सातारा. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी नंतर स्वतंत्रपणे केलेल्या सामाजिक-आर्थिक निर्देशांकातही नंदुरबारचे स्थान बदलले नाही. दोन निरनिराळ्या मोजपट्ट्या एकाच जिल्ह्यावर बोट ठेवतात तेव्हा त्या निष्कर्षाला वजन येते. २०२१च्या राज्यस्तरीय नकाशांत नेमके हेच घडले नव्हते.

नंदुरबारहून सुटलेली गाडी काही तासांत उधन्याला पोहोचते. पाऊस हुकला, विहिरी आटल्या की खानदेशातून सुरतेकडे येणाऱ्यांची संख्या वाढते, हे स्थलांतर नवे नाही. नंदुरबारचा निर्देशांक काढताना हे कुटुंब तेथे असते, कारण शिधापत्रिका आणि मतदारयादीतील नाव तेथे आहे. सुरतेचा काढताना ते सुरतेच्या दरडोई उत्पन्नाच्या भरघोस आकड्यात विरघळते. खुद्द तापी नदीचेही असेच आहे. तिच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी जवळजवळ ७९ टक्के महाराष्ट्रात आहे आणि गुजरातेत जेमतेम सहा टक्के. पाणी आणि माणसे दोन्ही एकाच उतारावरून येतात. हिशेब मात्र राज्याच्या सीमेवर तुटतो.

सरासरीचा दोष येथे सर्वांत ठळक दिसतो. जिल्हा हा घटक धरला तर हिऱ्यांचे कारखानदार आणि हिऱ्यांना पैलू पाडणारे एका रंगात येतात. महापालिकेचा विभाग धरला तर चित्र थोडे फाटते. प्रभाग धरला तर आणखी. भूगोलाच्या अभ्यासकांना ही अडचण जुनीच परिचयाची आहे: सीमारेषा कोठे आखल्या, यावर उत्तर अवलंबून राहते. २००४मध्ये कॅरन ओब्रायन आणि टेरीतील अभ्यासकांनी भारतीय शेतीचा जिल्हानिहाय भेद्यता नकाशा केला, तेव्हा केवळ आकड्यांवर न थांबता झालावाड, अनंतपूर, चित्रदुर्ग अशा जिल्ह्यांतील गावांत जाऊन पाहणी केली होती. नकाशा कोठे जायचे हे सांगतो. तेथे गेल्यावर काय दिसेल हे सांगत नाही, ही समज त्या कामात होती. पुढे निघालेल्या अनेक अहवालांत ती पातळ झाली.

हा वाद अभ्यासकांपुरता राहत नाही, कारण पैशाची वाट या आकड्यांतून जाते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना आपत्तीनिधी वाटताना मागील खर्च, क्षेत्रफळ आणि लोकसंख्या यांच्या जोडीला आपत्ती-जोखीम निर्देशांक वापरला. शंभर गुणांपैकी ७० गुण पूर, दुष्काळ, चक्रीवादळ, भूकंप आदी संकटांच्या शक्यतेला आणि ३० गुण भेद्यतेला होते. आणि ही भेद्यता मोजली गेली ती केवळ दारिद्र्याच्या प्रमाणावरून. तुलनेने सधन राज्यातील गरीब वस्तीला अशा सूत्रात स्वतःचे वेगळे अस्तित्व नाही. राज्याच्या तिजोरीत आलेला निधी वस्तीपर्यंत कसा झिरपावा, हे ते सूत्र सांगत नाही.

वस्ती पातळीवर मोजणी अशक्य आहे असे मात्र नाही. जनगणनेच्या घरयादीत भिंत आणि छपराचे साहित्य, घर मालकीचे की भाड्याचे, खोल्यांची संख्या, पिण्याच्या पाण्याचा स्रोत, सांडपाण्याची व्यवस्था हे सारे विचारले जाते. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून छपराचे तापमान आणि झाडांची सावली कळते. महापालिकेकडे हिवताप, डेंग्यू, लेप्टोच्या रुग्णांच्या नोंदी असतात. या तीन गोष्टी एकमेकींवर ठेवल्या की छपराखालच्या खोलीपर्यंत पोहोचणारा नकाशा होऊ शकतो. अडचण आहे ती आकड्यांच्या वयाची. आजही सर्व निर्देशांक २०११च्या जनगणनेवर टेकलेले आहेत, आणि २०११नंतर नवागाम-डिंडोलीच्या परिसरात जे मजले चढले, ज्या खोल्या भाड्याने गेल्या, त्यांचा पत्ता त्या नोंदीत नाही. जी वस्ती जितक्या वेगाने वाढते, तितकी तिची जुनी मोजणी खोटी ठरते. आणि वेगाने वाढणाऱ्या वस्त्याच बहुधा सखल, स्वस्त आणि ओहोळाकाठच्या जमिनीवर असतात.

पुढील जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे. गणक ज्या छोट्या गटांत काम करतात, त्यांत साधारण सहाशे ते आठशे माणसे असतात. खाडीकाठची एक गल्ली आणि तिच्यामागची उंचावरची सोसायटी वेगळ्या दिसण्यास हा आकार पुरेसा आहे. प्रसिद्ध होणारी आकडेवारी मात्र आजवर शहरांत प्रभागापर्यंतच येऊन थांबत आली आहे, आणि एकाच प्रभागात अनेकदा ती गल्लीही असते आणि ती सोसायटीही.